यंत्राची तहान



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि घरोघर रांजण भरून ठेवण्याचे दिवस आपल्या वऱ्हाडात एकाच सुमारास येतात. इतिहासाच्या व्याख्यानाला राजे, लढाया आणि तह हे नेहमीचे विषय. परंतु आजच्या विषयात राजा नाही, आणि लढाई असलीच तर ती उष्णतेशी आहे. टेबलावरच्या संगणकाची पेटी उघडावयाची, तिला भोके पाडावयाची, आत पंप, नळ्या आणि रेडिएटर बसवावयाचा आणि ते यंत्र खेळत्या पाण्याने थंड राखावयाचे, असा एक छंद गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर रूढ झाला आहे. पेटीतील अशा फेरफारांना ‘मॉडिंग’ म्हणतात आणि आपल्याकडील तरुणांच्या तोंडीही हाच शब्द आहे.

विजेवर चालणाऱ्या यंत्रात आपण होऊन पाणी सोडावयाचे, हे ऐकताच कोणालाही वेडाचार वाटावा. परंतु थोडे मागे वळून पाहिले तर असे दिसून येईल की, हे एका फार जुन्या विद्येचे नवे पान आहे, आणि त्या विद्येशी बुलढाणा जिल्ह्याची ओळख आजची नाही. या इतिहासातून मला एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. यंत्राला पाणी किती लागते, आणि ते पाणी शेवटी जाते कोठे? ज्या जिल्ह्याने कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात काढले, त्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकता येते, इतकेच. पाण्याचा उपयोग होतो तो या हमालीसाठी. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या मानाने पाणी एका अंशाच्या वाढीला सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेते. हवेने जे काम करावयास सोसाट्याचा वारा लागेल, ते पाण्याची बोटभर जाडीची धार निमूटपणे करते. मात्र या हमालाकडून काम घेण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्या तिन्ही आपल्या परिचयाच्या आहेत.

पहिली तऱ्हा माठाची. माठातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वाळ्याचे पडदे आणि घरोघरचे कूलर हे या माठाचेच वंशज होत. ही तऱ्हा फार प्रभावी आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता त्याच्याबरोबर जाते. शिवाय कोरड्या हवेत या तऱ्हेने भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक गारवा मिळतो. परंतु ते पाणी गेले ते गेलेच.

दुसरी तऱ्हा विहिरीवरच्या इंजिनाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढील काळात महाराष्ट्रातील असंख्य विहिरींवर मोटेच्या जागी डिझेल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. या इंजिनाच्या अंगाला दुहेरी कवच असते. पंपाने वर आलेल्या पाण्याचा एक बारीक फाटा त्या कवचातून फिरवीत आणि तेथून पडणारे कढत पाणी पुन्हा पाटात सोडीत. थंडीच्या दिवसांत त्या धारेखाली हात धरून उभे राहिलेले शेतकरी या सभागृहातही असतील. येथे पाणी वाया जात नाही, ते पिकालाच मिळते. पण वाहते पाणी उशाशी असल्यावाचून ही तऱ्हा चालत नाही.

तिसरी तऱ्हा मोटारगाडीच्या रेडिएटरची. तेच थोडेसे पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहते, इंजिनातून उष्णता घेते आणि जाळीत येऊन वाऱ्याला देते. एकदा भरले की झाले. ‘खर्ची पाणी’, ‘वाहते पाणी’ आणि ‘फिरते पाणी’, अशी नावे या तीन तऱ्हांना देऊन पुढे जाऊ.

यंत्रयुगाची सुरुवात खर्ची पाण्यानेच झाली. १८७० साली खामगावी लॉर्ड मेयोच्या हस्ते रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार यांचे उद्घाटन झाले. त्या काळची आगगाडी आणि कापूस दाबण्याची यंत्रे वाफेवर चालत. आणि कोळसा असूनही पाणी नसेल तर दोन्ही जागच्या जागी उभी राहत. जुन्या स्थानकांवरील पाण्याच्या उंच टाक्या त्या तहानेची साक्ष देतात. मोटारगाडीही प्रथम याच वाटेने गेली. कार्ल बेंझने १८८६ साली जिचे पेटंट मिळविले त्या तीनचाकी गाडीचे इंजिन पाणी उकळून उडून जाण्यानेच थंड होई, आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाख याने १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडविला. त्यात हजारो बारीक चौकोनी नळ्या होत्या. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढल्यामुळे पूर्वी जेथे अठरा लिटर पाणी लागे तेथे नऊ लिटर पुरू लागले. फिरत्या पाण्याचे युग येथून खऱ्या अर्थाने सुरू झाले.

आता गणकयंत्रांकडे वळू. संगणक हे विचारांचे यंत्र, त्यात जळण्यासारखे काही नाही, मग ते तापते का, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. संगणकात गेलेली बहुतेक सर्व वीज अखेर उष्णताच होते. आपण जी उत्तरे मिळवितो ती जवळजवळ वजनरहित असतात; विजेचा सारा बोजा उष्णतेच्या रूपाने पेटीत शिल्लक उरतो.

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘एनियाक’ हे यंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. ही उष्णता मोठमोठ्या पंख्यांनी खोलीबाहेर ढकलीत. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी असे यंत्र बांधावयास घेतले. त्याचे लहान प्रायोगिक रूप १९५६ साली चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० साली कामास लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. यंत्राचा मुख्य सांगाडा अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच असा पोलादी होता. ज्यांनी गणित मांडले त्यांनीच सांगाडाही उभा केला. पेटी हा संगणकाचा गौण भाग नव्हे, तीतून उष्णता कशी निघेल हा यंत्राच्या रचनेचाच प्रश्न आहे, हे त्या पिढीला स्वानुभवाने ठाऊक होते.

ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह गेले. तेव्हा आता उष्णतेची पीडा टळली असे अनेकांना वाटले असेल. घडले ते उलटेच. एकेक घटक थंड झाला, पण तेवढ्याच जागेत शेकडो घटक मावू लागले. घरात माणसे कमी बोलू लागली तरी माणसांची संख्या शंभरपट झाली तर गलका वाढणारच! आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६० मॉडेल ९१’ या यंत्रात आतून फिरणारी हवा ठिकठिकाणी पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन थंड करण्याची सोय होती. १९८० साली आलेल्या ‘३०८१’ यंत्रात तर प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा लहान दट्ट्या टेकविला होता, भोवती हेलियम वायू भरला होता आणि वरच्या पाटीतून थंड पाणी फिरत होते. सीमोर क्रे याच्या ‘क्रे-१’ या १९७६ सालच्या महासंगणकाला सुमारे ११५ किलोवॅट वीज लागे आणि ती उष्णता फ्रिऑन वायूवर चालणारी शीतयंत्रणा वाहून नेई. त्यानेच १९८५ साली ‘क्रे-२’ पुढे आणला. त्याचे सारे अंतरंग वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडविलेले होते.

येथे आपल्या इतिहासाचा एक धागा येऊन मिळतो. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकन सरकारने मागितला त्याहून कमी ताकदीचा ‘एक्स-एमपी’ देऊ केला, आणि तोही अटींसह. तो दिल्लीस बसला. परंतु या अनुभवातून १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे होते. हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९१ साली या संस्थेने ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध केला. एकच अतिवेगवान आणि अतितप्त मेंदू घडविण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून काम वाटून द्यावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. सावडीने शेत पेरावे तसा हा प्रकार. त्याचा एक फायदा असा की, उष्णता एका जागी कोंडत नाही, ती विभागली जाते.

याच सुमारास जगात सर्वत्र चिपांची घडणच बदलली. ‘बायपोलर’ जातीच्या वेगवान पण तापट चिपा मागे पडल्या आणि ‘सीमॉस’ जातीच्या, कमी विजेवर चालणाऱ्या चिपा पुढे आल्या. १९९४ साली आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांच्या मालिकेत या जातीची, साध्या हवेवर थंड होणारी यंत्रे आणली. पाण्याच्या नळ्या गणकयंत्रांच्या दालनांतून निघून गेल्या. पाण्याचा अध्याय येथे संपला, असे एखाद्या इतिहासकाराने तेव्हा लिहिले असते तर त्याला दोष देता आला नसता.

परंतु जे पाणी मोठ्या दालनातून बाहेर पडले ते काही वर्षांतच हौशी मुलांच्या टेबलावर अवतरले! १९८९ सालच्या ‘४८६’ प्रोसेसरावर पंखा नसला तरी चाले. नव्वदीच्या दशकात पंखा आवश्यक झाला. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३००ए’ नावाचा स्वस्त प्रोसेसर विकावयास आणला. त्याची नेमून दिलेली गती ३०० मेगाहर्ट्झ. पण त्याला पुरविले जाणारे ६६ मेगाहर्ट्झचे ठोके १०० वर नेले की तो ४५० मेगाहर्ट्झने धावू लागे. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी वस्तू श्रीमंताच्या यंत्राची बरोबरी करू लागली. मात्र गती वाढली की उष्णता वाढते, आणि गती टिकविण्यासाठी विजेचा दाब वाढविला तर ती फारच वेगाने वाढते. पंखा अपुरा पडू लागला.

तेव्हा या मुलांनी काय केले? बाजारात तयार साहित्य जवळजवळ नव्हतेच. थंड देशांत मोटारीच्या आत ऊब देण्यासाठी जो लहान रेडिएटर असतो तो त्यांनी भंगारातून आणला. मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीतला पंप घेतला. तांब्याचा ठोकळा कोरून त्यात पाण्याची वाट काढली आणि तो प्रोसेसरच्या पाठीवर बसविला. या तिन्हींना साध्या नळीने जोडले आणि सारे पेटीत मावेना म्हणून पेटीच कापली. मॉडिंगच्या छंदातील पाणीशाखेचा जन्म हा असा आहे. मायबाखचा रेडिएटर, शंभर वर्षांनी, गणकयंत्राच्या पोटात जाऊन बसला.

पुढे लहान-मोठ्या कारखान्यांनी हे साहित्य बनवावयास आरंभ केला. २००४ साली इंटेलच्या ‘प्रेस्कॉट’ या नव्या प्रोसेसरने शंभर वॅटची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी त्याच्या पुढच्या पिढीचा प्रकल्प कंपनीने सोडून दिला, आणि एकाच मेंदूची गती वाढवीत बसण्याऐवजी एका चिपेवर अनेक मेंदू बसविण्याचा मार्ग धरला. वाटून काम करण्याचे जे तत्त्व पुण्यात अवलंबिले होते, तेच येथे बोटाच्या नखाएवढ्या जागेत आले. त्याच वर्षी ॲपल कंपनीने आपल्या एका संगणकात कारखान्यातूनच द्रवशीतन बसवून दिले. २००९ साली ‘कोर्सेअर एच-५०’ हा बंद जोडणीचा संच निघाला. त्यात ग्राहकाला पाणी भरावयाचेही काम उरले नाही. हौशी माणसाची खटपट दुकानाच्या फळीवर येऊन बसली.

आजच्या हौशी माणसाची पेटी कशी असते ते पाहू. प्रोसेसरवर आणि चित्रे रेखाटणाऱ्या ग्राफिक कार्डावर तांब्याचे पोकळ ठोकळे असतात; पाणी जेथून आतबाहेर करते तेथील आटा बहुधा पाव इंची, म्हणजे नळकाम करणाऱ्याच्या ओळखीचाच असतो. पारदर्शक नळ्या गरम हवेने मऊ करून काटकोनात वाकवितात. पेटीच्या छताला किंवा पुढच्या बाजूला रेडिएटरसाठी चौकट कापतात. २०२३ सालच्या ‘कोअर आय-नाइन १४९००के’ या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, आणि २०२५ साली आलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ या कार्डाची ५७५ वॅट. दोन्ही मिळून आठशे वॅटच्या पलीकडे जातात. म्हणजे पेटीत अखंड तापलेली एक विजेची इस्त्री ठेवल्यासारखे झाले. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर एवढी उष्णता उचलताना ते एका फेरीत जेमतेम तीन अंशांनी तापते. आणि सगळे मिळून पाणी किती? साधारण एक लिटर. वर्षभर तेच फिरते.

या विद्येत काळजीचे नियम कडक आहेत आणि त्यांपैकी निदान तीन आपल्या मुलखाला विशेष लागू पडतात. पहिला पाण्याच्या शुद्धतेचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आपल्या शेगाव, संग्रामपूर भागात पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी कूलरमध्ये घातले की गवताच्या पडद्यावर पांढरी खपली कशी धरते हे गृहिणींना सांगावयास नको. तीच खपली तांब्याच्या केसाएवढ्या बारीक वाटांत धरली तर यंत्राचा घसाच बसावा! म्हणून तेथे ऊर्ध्वपातित पाणी किंवा त्यासाठी बनविलेला द्रवच घालतात. दुसरा नियम धातूंचा. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. तेव्हा दोहोंची सांगड घालावयाची नाही. तिसरा नियम शेवाळाचा. सुरुवातीच्या काळात पुष्कळ हौशी लोक पाण्याच्या टाकीत शुद्ध चांदीच्या तारेचे वेटोळे टाकीत. चांदी जंतूंना वाढू देत नाही. आता त्याऐवजी औषधी थेंब वापरण्याकडे कल आहे. पण चांदीच्या भांड्यात पाणी ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांची आणि रजतनगरी म्हणून नावाजलेल्या खामगावची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. यांशिवाय, नवी जोडणी झाली की यंत्राला वीज न देता नुसता पंप काही तास चालवून गळती पाहावयाची, हा तर पहिला धडाच होय.

हवामानाची गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. आपल्या जिल्ह्याचे लोकांनीच दोन भाग केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा गाव अजिंठ्याच्या डोंगरात उंचावर बसल्यामुळे येथील हवा सौम्य, तर मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळा असह्य. फिरत्या पाण्याचा नियम असा की, ते भोवतालच्या हवेपेक्षा कधीही थंड होऊ शकत नाही. खोलीत चाळीस अंश असतील तर पाणी चाळीसच्या वरच राहणार. म्हणून जी पेटी घाटावर सुखाने चालते तिलाच घाटाखाली मे महिन्यात मोठा रेडिएटर लागेल. आणि पेटीबाहेर टाकलेले आठशे वॅट खोलीतच राहतात हेही विसरता कामा नये. यंत्र थंड झाले म्हणजे मालक थंड झाला असे नव्हे. खिडकी उघडावी लागतेच.

दरम्यान मोठ्या दालनांतून गेलेले पाणी परत आले होते. २००८ च्या सुमारास आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत ते पुन्हा दिसू लागले. २०१० साली झुरिच येथे ‘ॲक्वासार’ हा संगणक चालू झाला. त्यात थंड नव्हे तर साठ अंशांपर्यंतचे गरम पाणी वापरले आणि निघालेली उष्णता इमारतीला ऊब देण्यास दिली. हा शोध आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चिपेला सत्तर-ऐंशी अंश सोसतात. मग तिला बर्फासारखे पाणी कशाला? पाणी जितके गरम चालेल तितकी ती उष्णता बाहेरच्या हवेला देणे सोपे, आणि पाणी उडवून गारवा आणण्याची गरज तितकी कमी. विहिरीवरच्या इंजिनाचे कढत पाणी ज्याने पाटात सोडले त्याला हे तत्त्व नवीन वाटणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या संगणकात पाणी थेट प्रोसेसरच्या पाठीपर्यंत नेले आहे, हौशी माणसाच्या पेटीत नेतात तसेच. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याच्या कपाटांतून आडवी वाहणारी हवा पाण्याच्या वेटोळ्यांवरून जात असे. २०२४ साली तेथेच त्याहून बलवान असा ‘अर्क’ आला. ही यंत्रे कशासाठी? मुख्यतः पावसाचे गणित करण्यासाठी. मृगात पेरणी करावी की थांबावे, या शेतकऱ्याच्या चिंतेचे उत्तर शोधणारे यंत्रच पाण्यावर थंड होते, ही गोष्ट मनात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. यंत्राचे पाणी जाते कोठे? हौशी माणसाच्या पेटीतले पाणी कोठेच जात नाही. परंतु गेल्या काही वर्षांत मोठमोठी विदाकेंद्रे, म्हणजे हजारो संगणक एका छपराखाली ठेवलेली दालने, आपल्या राज्यात, विशेषतः मुंबई व नवी मुंबई परिसरात, उभी राहिली आहेत. आत पाणी फिरते असले तरी छपरावरच्या मनोऱ्यात ते उडवून उष्णता टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे आत रेडिएटर, वर माठ. हिशेब करून पाहा. एक हजार किलोवॅटच्या दालनाची सारी उष्णता पाणी उडवून टाकावयाची तर दिवसाला सुमारे छत्तीस हजार लिटर पाणी उडेल. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकरहून थोडे अधिक. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी निराळेच.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वत्र कोरडी, रेडिएटरचीच तऱ्हा सक्तीची करा. हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. भर उन्हाळ्यात कोरड्या तऱ्हेला पंखे अधिक चालवावे लागतात, प्रसंगी शीतयंत्रेही. म्हणजे वीज अधिक लागते. ती वीज कोळशाची असली तर आपल्या शेजारच्या पारससारख्या औष्णिक केंद्रात ती निर्माण करतानाही पाणी उडतच असते. एका घरची तहान दुसऱ्या घरी पाठविली म्हणजे तहान भागली असे होत नाही. म्हणून विचारावयाचे ते दोन्ही आकडे विचारावेत: पाणी किती आणि वीज किती. यंत्र किती गरम पाण्यावर चालू शकते हेही विचारावे, कारण पाणी आणि वीज या दोहोंची बचत करणारी वाट तेथूनच निघते.

असे प्रश्न विचारावयास मोठी पदवी लागत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने एक पेटी उघडली, एक लिटर पाणी भरले, ते कोठून तापून येते आणि कोठे निवते हे बोट लावून पाहिले, त्याला हे प्रश्न सहज सुचतात. या छंदात खर्च आहे, दिखाऊपणा आहे, रंगीत दिव्यांचा सोसही पुष्कळ आहे, हे मी नाकारीत नाही. पुष्कळांना त्या थंडाईची गरजही नसते. साधा चांगला पंखा त्यांचे काम भागवील. तरीही आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पंप आणि नळ्या घेऊन बसली असेल तर केवळ वेडाचार म्हणून रागावू नये. काही तास गळती तपासून घ्यावयास सांगावे, खारे पाणी घालू देऊ नये, आणि काम झाल्यावर जवळ बसून विचारावे की, ‘उष्णता कोठून कोठे गेली ते मला दाखव.’

येळगावच्या धरणाची पातळी उन्हाळ्यात घरोघर बोलण्याचा विषय होते. त्या गावातील नागरिकांनी उद्या एखाद्या मोठ्या यंत्राच्या मालकाला हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे, एवढी माझी विनंती आहे.